अंजनाबाईचं विरजण

नववीच्या वर्गात फळ्यावर लिहिलं: पेशी, ऊती, अवयव, अवयवसंस्था, सजीव. मोनालीनं हात वर केला.

"मॅडम, एकच पेशी असली तर? तरी जीवच का?"

"तरी जीवच. दह्यातला जिवाणू घे. ना ऊती, ना अवयव. पण खातो, वाढतो, एकाचे दोन होतात."

बोलले आणि खडू खाली ठेवला. आई गेली त्या आठवड्यात वहिनीनं फ्रिज धुतला, विरजणाची वाटीही घासली. आई वर्षानुवर्षं त्याच विरजणानं दही लावायची. तिच्या हातचं तेवढंच जिवंत उरलं होतं. मोरीत गेलं. वहिनी म्हणे, "पाकिटाचं आणू न, रीनाताई!"

मग सुभद्राकाकू आठवली. कोराडीच्या कॉलनीत तिचं घर आमच्या घराच्या पाठीला पाठ लावून. आम्ही बौद्ध. तिनं आमच्याकडे कधी पाणीसुद्धा घेतलं नाही. बोलावलं की, "उपास हाय वं." बारा महिने उपास! पण एका हिवाळ्यात तिचं दही लागेना, तेव्हा विरजण मागायला मागच्या भिंतीवरून तिची रिकामी वाटी आली.

"घरी कोणाले सांगजो नको, अंजना."

"नाई सांगत," म्हणून आई हसली होती. त्या हसण्याचा मला अजून राग येतो. जिवाणूला जात कळत नाही, असलं गोड मी बोलणार नाही. माणसाला कळते, तेवढं पुरतं.

रविवारी सीताबर्डीहून कोराडीची बस धरली. मागच्या भिंतीशी उभं राहून हाक मारली.

"काकू, आईचं विरजण आहे का अजून?"

ती दचकली. घरात डोकावून हळूच म्हणाली, "तेच तं लावून राहिली आजवर. थांब, इथूनच देतो."

माझा हात भिंतीवर गेलाही होता. मागे घेतला.

"समोरून दे."

"समोर तुये काका बसले हायेत."

"म्हणूनच."

वळसा घालून फाटकाशी आले. फाटकावर वीजकेंद्राची राख. महादेवराव पेपर वाचत होते. "काय वं रीना, काहून आली?" मी दाराकडे बघत राहिले. आतून कोणी येईना. वाटलं, गेलं. माझ्या तोऱ्यापायी आई दुसऱ्यांदा गेली. भिंतीवरून घेतलं असतं तर काय झडलं असतं माझं?

तेवढ्यात काकू वाटी घेऊन बाहेर आली.

"काय वं ते?"

"विरजण. अंजनाच्या घरचं. इतके वर्ष खाऊन राहिले न तुमी!"

महादेवरावांनी पेपर तोंडासमोर धरला. तो खाली आलाच नाही.

घरी येऊन दूध विरजलं. सकाळी दही घट्ट लागलं होतं. बोटानं चाटलं. आईचं नव्हतं ते. जास्त आंबट, काकूच्या घरचं झालेलं. जिवंत असतं ते बदलतं, हे मीच शिकवते. चुलीत जावो माझं शिकवणं. मला तीच चव हवी होती.

वाटी संपवत आणली. चमचाभर बाजूला ठेवलं, उद्यासाठी.