लुईस मोठा की अली

भोरहून एसटीनं नसरापूर, तिथून वेल्हे आणि पुढं मिळेल त्या जीपनं पासली. दर गुरुवारी हनुमंत एवढा प्रवास करायचा तो रखमाजीशी भांडायला.

भांडण चाळीस वर्षांचं. दोघं एकाच पलटणीत होते, दोघंही हेवीवेट बॉक्सर. जगातला सगळ्यात मोठा हेवीवेट चॅम्पियन कोण, यावर त्यांचं कधी जमलं नाही. रखमाजी जो लुईसचा, हनुमंत मुहम्मद अलीचा.

"जवळजवळ बारा वर्सं चॅम्पियनचा पट्टा सोडला न्हाई लुईसनं," रखमाजी म्हणायचा. "पंचवीस वेळा राखला. वर लढाईच्या काळात फौजेत गेला. तुज्या अलीला फौजेनं बोलावलं तर न्हाई म्हनला."

"आन् त्यापायी तीन वर्सं घरी बसला, ते न्हाई सांगत. परत आला आन् फोरमनसारखा रेडा लोळवला. लुईसपुढं असला गडी व्हता का कोन?"

एकाचा काळ वेगळा, दुसऱ्याचा वेगळा. दोघांना एका रिंगणात उतरवणार कोण? हे त्यांना कळत होतं. तरी भांडत होते.

दोन वर्षांपूर्वी रखमाजी आपल्याच खाचराची वाट चुकला. मग बायकोचं, भागूबाईचं नाव विसरला. पुण्याला दाखवायला नेलं तेव्हा हनुमंत सोबत होता. डॉक्टरांनी विचारलं, "यांच्या डोक्याला कधी मार लागलाय?"

"फौजेत बॉक्सिंग करायचे," भागूबाई म्हणाली.

डॉक्टर मान हलवून लिहीत राहिले. शेजारच्या खुर्चीत हनुमंत खाली बघत बसला. रखमाजीच्या शेवटच्या सामन्यात समोर तोच होता. तिसऱ्या फेरीत रखमाजीचे हात खाली आले, नजर फिरली. पंचानं थांबवलं नाही आणि हनुमंतही थांबला नाही. घंटा होईपर्यंत तो डोक्यावरच मारत राहिला होता.

त्या दिवसापासून गुरुवारचं जाणं म्हणजे त्याच्या जिवाचा आटापिटा झाला. बाकी सगळं पुसलं जात होतं, पण लुईसला बोल लावला की रखमाजी अजून पेटायचा. म्हणून हनुमंत मुद्दाम चुकीचं सांगायचा. "लुईसनं धा वेळा पट्टा राखला, न्हवं?" रखमाजीच्या कपाळाला आठी पडायची. बराच वेळ जायचा आणि शब्द यायचा, "पंचवीस." तेवढ्या एका शब्दावर हनुमंत आठवडा काढायचा. गडी अजून आहे, एक ना एक दिवस आपण त्याची माफी मागू आणि त्याला ती कळेल, असं त्याला वाटायचं.

अशाच एका गुरुवारी रखमाजी ओसरीवर बसला होता. हनुमंतनं टेकता टेकताच सुरुवात केली.

"लुईस काय एवढा मोठा न्हवता. अलीपुढं चार फेऱ्या टिकला नसता."

रखमाजी हसला. "व्हय," तो म्हणाला. "अली मोठा."

चाळीस वर्षं हनुमंतला हेच ऐकायचं होतं. आता मात्र तो रखमाजीच्या पुढ्यात सरकला.

"न्हाई," तो घाईनं म्हणाला. "ऐक, रखमाजी. बारा वर्सं पट्टा राखला त्यानं. जर्मन श्मेलिंगनं एकदा हरवलं, तर दुसऱ्या खेपेला पयल्याच फेरीत आडवा केला. लुईसच्या एका हातात व्हती तेवढी ताकद अलीनं दोन्ही हात मिळून कधी दावली न्हाई. तूच सांगायचास. लुईसच मोठा. म्हन की."

रखमाजी कौतुकानं ऐकत होता.

"पावनं," तो म्हणाला, "तुमी लई कुस्त्या बघितल्या जनू."

भागूबाई चहा घेऊन आली. कप हातात न घेताच हनुमंतनं तिला सगळं सांगून टाकलं. तिसरी फेरी, खाली आलेले हात, आपण मारत राहिलो ते.

ती उंबऱ्यावर बसली.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "लगीन झाल्यावर ह्यांनीच सांगितलं. रिंगणात गुडघा टेकून खाली बसाया पायजे व्हतं, बसलो न्हाई, आसं म्हनायचे."

"मग मला कदी बोलला न्हाईत?"

"बोलून काय हुनार व्हतं? मी तुमाला माफ करायची न्हाई, भावजी. आन् येऊ नका म्हनून बी सांगायची न्हाई. ह्यांना मोरीपतूर न्यायला मला एकटीला झेपत न्हाई. धरा तिकडनं."

हनुमंतनं काखेत हात घातला, तसा रखमाजी अंग चोरून भिंतीला लागला. "आपलंच मानूस हाय," भागूबाई दोनदा म्हणाली, तेव्हा कुठं तो उठला.

आता हनुमंत आठवड्यातून तीनदा जातो. चॅम्पियनांचा विषय काढत नाही. अंघोळ घालतो, दाढी करतो. एखादे दिवशी रखमाजी मुकाट्यानं मान पुढं करतो. एखादे दिवशी चोर म्हणून ओरडतो. तसं झालं की हनुमंत बाहेर गोठ्याच्या कडेला जाऊन बसतो, भागूबाई पुन्हा हाक मारीपर्यंत.