एमा आजीच्या घराची किंमत

ओरिनबासार आणि दामेतकेनचा घटस्फोट वसंतात झाला, पण घर विकलं जाईना म्हणून दोघं एकत्रच राहत होती. कोर्टानं सांगितलं होतं, फ्लॅट विका, निम्मंनिम्मं घ्या. तो बॉक्साइटच्या खाणीत एक्सकॅव्हेटर चालवायचा, ती दवाखान्यात लोकांचे दात काढायची. मी त्यांच्या खालच्या मजल्यावर. दोघांचं भांडण रोज ऐकू यायचं आणि मला दोघांचंही पटायचं.

पहिलं गिऱ्हाईक मोटार घेऊन आलं. गाडी घ्या, घर द्या. ओरिनबासारला गाडीचा पिवळा रंग आवडला नाही. त्यानं त्या माणसाला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

उन्हाळ्यात खाण बंद पडली. सोव्हिएत राज्य आधीच बुडालं होतं. रशियन रशियाला निघाले, युद्धात इथे आणून टाकलेले जर्मन जर्मनीला, आणि तोरगायच्या माळावरच्या आमच्या गावात घरं तेवढी उरली. दुसरं गिऱ्हाईक रंगीत टीव्ही देत होतं. दामेतकेन म्हणाली, "टीव्हीचं निम्मं कसं करायचं? याला चित्र, मला आवाज?" तिसऱ्यानं गाय आणली, तीही भाकड. मग कुणी फिरकेचना. पलीकडच्या जिन्यातल्या एकानं तर दारं, खिडक्या आणि संडासाचं भांडं सुटं विकलं. भांड्याला घरापेक्षा बरा भाव आला.

दोघांनी आपापली सुटकेस भरून दाराशी ठेवली होती, एकमेकांना धाक म्हणून. रोज सकाळी तिच्यातूनच मोजे काढायचे.

समोरच्या दारात एमा आजी राहायची. मुलानं तिला जर्मनीला बोलावलं होतं. शरदात एक दिवस ती यांच्याकडे आली आणि दाराशीच थांबली.

"या दोन सुटकेस मला द्या आणि माझ्या घराची चावी घ्या," ती म्हणाली.

दामेतकेन ओशाळली. "आजी, जन्म काढलात तुम्ही त्या घरात."

"म्हणून तर दोन मागतेय. नाहीतर एकीवर भागवलं असतं."

दोघांनी सुटकेस पलंगावर उपड्या केल्या. ओरिनबासार आजीला स्टेशनवर सोडून आला. त्याचे डोळे सुजले होते, पण दोष माळावरच्या धुळीवर ढकलून मोकळा झाला. दुसऱ्या दिवशी गादी आणि किटली घेऊन तो समोर राहायला गेला. कोर्टाला जे जमलं नाही ते घसरलेल्या भावानं करून दाखवलं.

पण संध्याकाळ झाली की तो दामेतकेनचं दार वाजवायचा. ती माझ्याकडे येऊन कुरकुरायची. "नवरा होता तेव्हा कालचं सूप पुढे ढकलायचे. आता पाहुणा झालाय मेला. दारात आलेल्या पाहुण्याला कालचं सूप कसं देऊ? रोज ताजं मांस, कणकेचे गोळे करून ताजी बाउरसाकं तळायची, वर म्हणायचं, आणखी घ्या."

डिसेंबरात साऱ्या गावाची घरं गरम ठेवणारा बॉयलर बंद पडला. नळात बर्फ. ज्यानंत्यानं लोखंडी शेगडी बसवली आणि धुराडं खिडकीतून बाहेर काढलं. या दोघांना मिळून कोळसा एका घरापुरताच मिळायचा. ओरिनबासार दोन रात्री टोपी घालून झोपला, तिसऱ्या दिवशी गादी घेऊन दामेतकेनच्या शेगडीजवळ हजर. तिनं त्याची गादी शेगडीपासून जराशी लांब सरकवली, एवढंच.

पुढे त्यांनी, आमच्याकडे रीत आहे तसा, हिवाळ्याच्या मांसासाठी घोडा कापला आणि सगळं मांस एमा आजीच्या बैठकीत दोरीवर टांगलं. एवढं प्रशस्त शीतघर जिल्ह्यात कुणाकडे नव्हतं. मीही माझा वाटा तिथेच ठेवला.

मार्चमध्ये बर्फ वितळला, मांस संपलं. मी दामेतकेनला विचारलं, आता ओरिनबासार समोर जाणार का?

"कसा जाईल," ती म्हणाली, "तिकडे वास येतो."

मी समोर जाऊन खिडक्या उघडते, असं म्हणाले. तिनं चावी सापडत नाही म्हणून सांगितलं आणि मला चहा ओतला.