एकविसाव्या फ्रेममधलं पाणी

वकिलानं पिशवीतून एक फोटो काढला आणि तहसीलदार साहेबांच्या टेबलावर, सालोमीच्या फोटोशेजारी ठेवला.

सालोमीच्या फोटोत बावखल होतं. काठोकाठ पाणी, चार दगडी पायऱ्या, पाण्यात उलटे उभे नारळ, आणि खाली कोपऱ्यात केशरी आकड्यांत यंदाच्या जानेवारीतली तारीख. वकिलाच्या फोटोत आगाशीच्या बाजारातलं एक जोडपं बर्फाच्या डोंगरापुढे उभं होतं. बायको साडीत. नवरा अर्ध्या बाह्यांच्या शर्टात.

"हे दोघं कुठं गेले होते, बाई?" वकिलानं विचारलं.

"कुठंच नाही. माझ्या स्टुडिओत उभे होते."

"आणि बर्फ?"

"कॉम्प्युटरमधला."

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. मग सगळाच बाक हसला. ज्याच्या वाडीत ते बावखल होतं आणि ज्याचा हा वकील होता तो इनासही हसला, तोंडावर रुमाल धरून.

"तुमच्याच शोकेसमधून उचलून आणलाय," वकील म्हणाला. "बर्फ आणता येतो, तर पाणी आणायला किती वेळ लागतो?"

"पाणी आणलेलं नाही. ते होतं."

"आणि ही तारीख?"

सालोमीनं तारखेकडे पाहिलं. खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

"तारीख कॅमेऱ्यात आपणच घालतो," ती म्हणाली.

साहेबांनी तिचा फोटो दोन बोटांनी तिच्याकडे सरकवला.

"रोलवरचा असेल तर निगेटिव्हसकट आणा. कॉम्प्युटरचा मी धरणार नाही. गुरुवारी निकाल लिहितो."

०

महिन्याभरापूर्वी इनासनं आठ ट्रक भराव टाकून ते बावखल बुजवलं. नंदाखालमध्ये बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाळ्यात भरतं, उन्हाळाभर झिरपतं, आणि आसपासच्या विहिरी गोड ठेवतं. जमीन इनासच्या बापजाद्यांची. पाण्यावर मात्र सात घरांच्या विहिरी. त्यांतली एक सालोमीची, एक नथूची. तिथं आता इमारत यायची होती. इनासचं म्हणणं एवढंच, की बावखल कधी नव्हतंच, कोरडा खड्डा होता. तसं एकदा कागदावर आलं, की भराव कायमचा आणि विहिरींत खाडीचं खारं पाणी.

नथू वसईच्या त्या कचेरीच्या पायऱ्यांवर वाट बघत होता. साठीचा माणूस, वांग्या-मिरचीची वाडी, आवाज बंदुकीसारखा.

"बाय, तुज्या बर्फानं बुडवलं आपल्याला."

"माहीत आहे."

"आख्ख्या गावाला म्हाईत हाय तिथं पानी व्हतं. फक्त कागदाला म्हाईत नाय."

"मग कागदाला सांगू."

"कसं सांगशील? रोलचा कॅमेरा इकून बसलीस. बोर्ड लावलास."

लावला होता. आता रोल नाही! लगेच बघा, लगेच न्या! उद्गारचिन्हं तिनं स्वतः रंगवली होती. आगाशीत डिजिटल कॅमेरा आणणारी ती पहिली. विरारच्या स्टुडिओवाल्यांच्याही आधी. मुंबईला कॅमेऱ्यांचं प्रदर्शन लागलं की पहिल्या दिवशी जायची, माहितीपत्रकांची पिशवी भरून आणायची, आणि नवीन मॉडेलमध्ये किती मेगापिक्सेल वाढले ते बसस्टॉपवर उभ्या माणसालाही ऐकवायची. रोलच्या आठवणी काढून उसासे टाकणाऱ्या फोटोग्राफरांना ती विचारायची, "डार्करूममध्ये हात कोणाचे कुजलेत? तुमचे की माझे?"

उसासा तिनं आजही टाकला नाही.

"जुने निगेटिव्ह आहेत," ती म्हणाली. "निम्मे गेल्या वर्षी भंगारात घातले. निम्मे आहेत."

"निम्म्यात असंल?"

"नसलं तर परत येऊन भांडू."

०

मंगळवारी स्टुडिओ बंद. आतल्या खोलीत पत्र्याचे अकरा डबे. प्रत्येक रोल सहा-सहा फ्रेमच्या पट्ट्यांत कापलेला, पट्ट्या बटर पेपरात, वर लग्नाची तारीख. दुपारी दोनपर्यंत सालोमीनं नंदाखालची चौदा लग्नं उलटली. चर्च, मांडव, केक, चर्च, मांडव, केक. पाणी कुठंच नाही.

पंधरावं पाकीट, नोव्हेंबर शहाण्णव.

तिनं पट्टी लाइट बॉक्सवर ठेवली आणि भिंग लावलं. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं. आकाश काळं, साड्या भलत्याच रंगाच्या, माणसांचे केस पांढरे.

१९. अंगण. बँडवाले. एकाच्या गालात हवा भरलेली.

२०. वाडीतली वाट. बाया ओळीनं, हातात कळश्या. लग्नाच्या आदल्या दिवशी वाजत-गाजत पाणी आणायची रीत.

२१.

तिनं भिंग उचललं, पुसलं, पुन्हा लावलं.

२१. बावखल. नवरदेव पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभा. दोन्ही हातांत भरलेली कळशी. त्या घरची पद्धतच होती, पहिली कळशी मुलानं भरायची आणि आईच्या डोक्यावर द्यायची; आई वरच्या पायरीवर उभी आहे. पाणी नडगीच्या वर आहे. चारांपैकी दोन पायऱ्या पाण्याखाली आहेत. नवरदेव म्हणजे इनास.

सालोमी खुर्चीत मागे रेलली. खोलीत कोणी नव्हतं, तरी ती मोठ्यानं म्हणाली, "हस आता. धर रुमाल."

मग तिनं पाकीट उलटं केलं आणि मागचा मजकूर वाचला. तिनंच छापून घेतलेला, पहिल्या वर्षापासून, प्रत्येक पाकिटावर. निगेटिव्ह गिऱ्हाइकाचे. मागतील तेव्हा मिळतील. दुसऱ्या कोणाला दिले जाणार नाहीत.

त्याच्याखाली ऑर्डर देणाऱ्याची सही.

तिनं सही वाचली आणि पाकीट डब्याबाहेर ठेवलं.

०

नथूच्या पोटात गोष्ट राहत नाही. सालोमीनं त्याला चारला सांगितलं. साडेचारला ती गोष्ट आगाशीच्या बाजारात होती. सहाला इनास स्टुडिओच्या दारात उभा.

"सालोमीबाय, माझ्या लग्नाचे निगेटिव्ह द्या."

"बस. पाणी घेतोस? आमच्या विहिरीचं आहे. अजून गोड आहे."

"मस्करी नको. तुमच्याच पाकिटावर लिहिलंय, मागतील तेव्हा मिळतील. मी मागतोय."

"लिहिलंय."

"मग द्या."

"गिऱ्हाइकाला मिळतील, असं लिहिलंय. तू गिऱ्हाईक नाहीस."

इनास हसला. सोमवारी कचेरीत हसला होता तसा नाही. "लग्न माझं. नवरा मी. फोटोत मी. गिऱ्हाईक काय बँडवाला?"

सालोमीनं पाकीट त्याच्यासमोर धरलं, पण हातातून सोडलं नाही. "वाच. तुम्ही विरारचा व्हिडिओवाला ठरवला होता. तुझी बायको एकटी चालत आली होती माझ्याकडे. म्हणाली, साडी नेसवताना पुरुष फोटोग्राफर खोलीत नको. ऑर्डर तिची. सही तिची. सुझान."

२२. हललेली. नवरदेवाचा पाय शेवाळावर घसरला आहे, कळशी हवेत, बाया तोंडावर हात घेऊन. फोटो काढणारीही हसत असावी.

"अल्बममध्ये हे घालू नका, असं तूच सांगितलंस तेव्हा," सालोमी म्हणाली. "पडलास म्हणून. नाहीतर तुझ्याच कपाटात पुरावा असता."

"बाय, विचार करा. तुम्हाला पण आगाशीत धंदा करायचाय."

"चोवीस वर्षं करतेय. तुझ्या बाप्तिस्म्याचा फोटो नाही मी काढला, पण तुझ्या दोन्ही पोरांच्या बाप्तिस्म्याचे मीच काढलेत. धमकी देताना जरा आवाज बारीक कर. शोकेसची काच पातळ आहे."

"तिला पाठवतो," इनास म्हणाला. "तिच्या हातात द्याल ना?"

"ती मागेल, तर तिच्या हातात देईन. तुझ्या नाही."

तो गेला. मागच्या दारानं नथू आत आला. सगळं ऐकून आला होता.

"बाय, येडी हायस काय? ती नवऱ्याचंच ऐकंल. आज रातीच सायबाकडं पट्टी नेऊन दे."

"माझी नाही ती."

"सात घरांच्या हिरी मोट्या का तुजं पाकीट मोटं?"

सालोमी लाइट बॉक्स बंद करत होती. तिनं बटण दाबलं आणि वळली.

"नथूदादा, त्यानं तळं बुजवलं, कारण त्याला वाटलं जमीन माझी तर पाणी पण माझं. मी उद्या दुसऱ्याची पट्टी उचलून नेली, तर मी काय वेगळं केलं?"

"आनि ती पट्टी घेऊन गेली म्हंजे?"

"मग गुरुवारी मी रिकाम्या हातानं जाईन आणि पाणी होतं म्हणून सांगेन. पुन्हा हसू देत. त्यांची पोटं दुखेपर्यंत सांगेन."

नथूनं कपाळावर हात मारला आणि बाहेर जाऊन बिडी पेटवली. तिथून त्याचा आवाज येत राहिला, कोणाशी तरी, बहुतेक शोकेसमधल्या त्या जोडप्याशी.

०

बुधवारी दुपारी सुझान आली. निर्मळच्या शाळेतून थेट. खांद्याला पिशवी, बोटांना खडू. एकटी.

"निगेटिव्ह घ्यायला आलेय," तिनं उभ्यानंच सांगितलं. "त्यांनी सांगितलंय, घरी आणायचे आणि लगेच जाळायचे."

"तुझे आहेत. जाळ नाहीतर जप."

सालोमीनं पाकीट काउंटरवर ठेवलं. रजिस्टर उघडून पुढे केलं. सुझाननं तारीख लिहिली, निगेटिव्ह मिळाले असं लिहिलं आणि सही केली. शहाण्णवच्या सहीपेक्षा ही लहान होती.

झालं. पाकीट आता तिच्या हातात होतं. सालोमीनं दोन्ही हात काउंटरखाली घेतले, कारण ते पाकिटाकडे जायला बघत होते.

"एकदा बघू?" सुझान म्हणाली.

"मला कशाला विचारतेस?"

लाइट बॉक्स लागला. सुझाननं खाली वाकून पट्टी पाहिली, पहिल्यांदा उलटी धरली, मग सुलटी. शेवटच्या दोन फ्रेम तिला लगेच कळल्या.

२३. चर्चच्या दारात गाडी. पांढरा वेश काळा दिसतो आहे.

२४. चर्चमधलं रजिस्टर. दोघं सही करताना.

"ही मी," ती म्हणाली. "किती बारीक होते." मग भिंग मागे, एकविसाव्या फ्रेमवर सरकलं. "आणि ही कोण? हिचे दात काळे का?"

"निगेटिव्ह आहे ना. पांढरं काळं दिसतं. थेरेसामावशी ती, तुझी सासू. तोंडभर हसतेय."

सुझान आणखी खाली वाकली. थेरेसामावशी जाऊन तीन वर्षं झाली होती. घरी हॉलमध्ये तिचा जो फोटो होता तो मतदानाच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला. सालोमीनंच केला होता. त्यात ती कोणावर तरी चिडल्यासारखी दिसायची.

"हा एकच कापून घेता येतो?" सुझाननं विचारलं. "एकवीस नंबर?"

"येतो. कात्री इथंच आहे. पण एकदा कापला की तो सुटा झाला. आत्ता कसं आहे, कळशी, मग चर्च, मग सही, सगळं एका दमात दिसतं. चर्चच्या रजिस्टरात तारीख आहे, म्हणजे पाण्यालाही तारीख आहे. कापलेली पट्टी परत जोडता येत नाही."

एवढंच. यापुढे एक शब्द बोलायचा नाही, असं तिनं ठरवलं आणि बोलली नाही. बाहेर आगाशी-विरार बस थांबली, भरली, गेली.

"काल चहा खारट लागला," सुझान म्हणाली. भिंगातून डोळा न काढता. "ह्यांना म्हटलं. म्हणाले, तुझ्या जिभेचं काहीतरी आहे. आज सकाळी मुलांनी पण चहा ठेवला तसाच."

सालोमीनं रजिस्टर मिटलं.

सुझाननं पट्टी उचलली, कडेनं धरून, बटर पेपरात घातली, पाकिटात घातली. पाकीट पिशवीकडे नेलं. मग ते तिनं काउंटरवर ठेवलं, सालोमीच्या बाजूला.

"फोटो मोठा करून मिळेल ना? बारा-पंधरा. एकवीस नंबर."

सालोमीला कळायला क्षणभर लागलं. मग तिनं ऑर्डरचं पुस्तक ओढलं.

"मिळेल. पण रोलचं काम आता इथं होत नाही. विरारची लॅब बंद झाली. निगेटिव्ह वसईला न्यावे लागतील."

"कधी नेता?"

"तू सांग."

"उद्या न्या," सुझान म्हणाली. "गुरुवार आहे ना उद्या? उद्याच न्या. वसईत जिथं-जिथं दाखवावे लागतील तिथं दाखवा. पूर्ण पट्टी न्या."

"घरी काय सांगशील?"

"खरं तेच. घेतले म्हणून सही केली. तुमच्या रजिस्टरात आहे." तिनं पिशवी खांद्यावर घेतली. "विचारलंच, तर सांगेन, आईचा फोटो मोठा करायला दिलाय. तिच्या पुण्यतिथीच्या मिसाला, चर्चमध्ये ठेवायला. नको म्हणायची त्यांची हिंमत नाही."

सालोमीनं लिहिलं. नाव, साइज, फ्रेम नंबर. पेन कागदात रुतत होतं.

"तयार कधी पाहिजे?"

"शुक्रवारी. त्याआधी नको."

दाराशी ती वळली. रस्त्यावरचं ऊन तिच्या मागून येत होतं, त्यामुळे चेहरा नीट दिसत नव्हता.

"सालोमीबाय, मोठा करताना तुम्ही फोटो चारी बाजूंनी कापता ना?"

"थोडा कापावा लागतो. साइजात बसवायला."

"डोकी गेली तरी चालतील," सुझान म्हणाली. "पाणी कापू नका."