मागे ऐकू येत नाही

“चर्चा अंतर्गत आहे. नागरिकांनी जरा बाहेर थांबावं,” अध्यक्ष म्हणाले आणि कोपऱ्यातल्या माइकवाल्याकडे न बघताच दोन बोटं हलवली. म्हणजे व्हरांड्यातला स्पीकर बंद. त्याने तो बंद केला.

नगरपालिकेच्या सभागृहातले माइक तो सांभाळायचा, म्हणून सगळे त्याला ‘बटण’च म्हणत. दार लागलं की आत फक्त सदस्य उरतात, असं समजायची पद्धत होती. कोपऱ्यातल्या टेबलामागे बटण बसलेलाच असायचा. भिंतीवरच्या पंख्याला कोणी बाहेर जा म्हणत नाही, तसं त्यालाही कोणी म्हणत नसे.

बाहेर जाणाऱ्यांत त्याची बायको होती. दिवसभर शिवणकाम करून ती संध्याकाळी मैदानावर मुलींना व्हॉलीबॉल शिकवायची, तेही फुकट. मैदानाचं पुढे काय होणार, एवढं एकच विचारायला ती आली होती. जाताना तिने नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कामाच्या जागी ओळख दाखवायची नाही, हे दोघांचं ठरलेलं होतं.

मैदानावर बाजारसंकुल बांधायचं, हे चहा यायच्या आत ठरून गेलं. वाद झाला तो कोनशिलेवर कुणाकुणाची नावं घालायची यावरून.

“आणि लोकांना काय सांगायचं?” एका सदस्याने विचारलं.

“काही ठरलं नाही म्हणायचं. भोवती पत्रे ठोकले की कळेलच,” अध्यक्ष म्हणाले.

बटणने बंद दाराकडे पाहिलं; पलीकडे बायको थांबली होती. पण अशा बैठका ऐकण्यातच त्याचं आयुष्य गेलं होतं आणि त्याबद्दल घरी कधी एक अक्षर काढलं नव्हतं. याच गुणावर नोकरी टिकली होती. त्या गुणाचं कौतुक मात्र कुणी केलं नव्हतं. पंख्याचं तरी कोण करतं?

दार उघडलं, लोक आत आले. “मैदानाबाबत अजून काहीही…” अध्यक्षांनी सुरुवात केली.

शेवटच्या बाकावर बायकोने कानामागे तळवा धरला. मागे ऐकू येत नसलं की लोक असंच करतात, आणि तसा हात दिसला की त्याची बोटं आपोआप आवाज वाढवतात. आताही वाढवला.

“…काहीही ठरलेलं नाही! तुम्हाला विचारल्याशिवाय एक वीटसुद्धा रचली जाणार नाही!”

शब्द शेवटच्या बाकापर्यंत खणखणीत पोचले. टाळ्या पडल्या. तीही वाजवत होती. मग त्याला आपल्या हाताचीच लाज वाटली. खोटं अध्यक्ष बोलले होते, पण तिच्यापर्यंत पोचवलं होतं त्याने.

तो घरी आला तेव्हा ती जमिनीवर बसून फाटकी जाळी सांधत होती. कितीतरी दिवसांनी गुणगुणत होती.

“अहो, मधला भाग तेवढा बदलते. पुढच्या वर्षी आरामात चालेल, नाही?”

“राहू दे ती जाळी.”

“का हो? आज तर साहेब एवढे छान बोलले. आवाजही मस्त लावला होता तुम्ही.”

तो पाण्याचा तांब्या उचलून पुन्हा खाली ठेवत म्हणाला, “त्यांचं ठरलंय.” पण आवाज घशातच राहिला. माइकपुढे लोक बोलायचे. त्याला स्वतःला बोलायची सवयच नव्हती.

तिने मान वर केली आणि कानामागे तळवा धरला. “काय म्हणालात?”

त्या हाताकडे तो बघत राहिला. मग म्हणाला, “मैदान गेलं. आतमध्ये ठरलं. मी होतो तिथे.”

शेजारच्या घरातलं बोलणं थांबलं, इतक्या मोठ्याने.

तिचा हात हळूहळू खाली आला. हातातली गाठ अर्धी राहिली होती, ती तिने घट्ट ओढून पुरी केली.

“नोकरी जाईल तुमची,” ती म्हणाली.

“जाईल.”

“उद्या मुली येतील. त्यांच्या घरचेही येतील. मला नाही सांगता यायचं.”

“मी येतो.”

“तिथे माइक नसतो,” ती म्हणाली.

“ठाऊक आहे,” तो म्हणाला आणि जाळीचं दुसरं टोक उचलून धरलं.