रंगाच्या अकरा हातांखाली

मी वाचनालयाचा दरवाजा बोलतोय. या, आत या. खांदा लावू नका, लाथ तर मुळीच मारू नका. आता मी एका बोटाने उघडतो. महिन्यापूर्वीपर्यंत असं नव्हतं. अंगावर रंगाचे अकरा हात चढले होते, चौकटीत मी गच्च रुतून बसलो होतो, आणि वर्तमानपत्र वाचायला येणारी भली माणसं मला शिव्या घालत आत शिरायची. आता ते सगळं उतरलंय. किती मोकळं वाटतंय म्हणून सांगू!

पण एक गोष्ट आधीच कबूल करतो. मी सागवानी नाही. या इमारतीला सागवानी दरवाजा बसवायचं ठरलं होतं खरं, पण लाकूड वेळेवर आलं नाही आणि उद्घाटन तोंडावर आलं. मग सुताराने मला साध्या पाइनच्या फळ्यांतून घडवलं. पांढुरका, हलका, ठिकठिकाणी गाठी. मला पाहून सगळ्यांची तोंडं उतरली. तेव्हा एका रंगाऱ्याला बोलावून सांगितलं, "चार दिवसांत याचा सागवान कर."

रंगारी अबोल माणूस. त्याने आधी मला पिवळसर रंग दिला. तो वाळल्यावर वरून पातळ तपकिरी रंग फिरवला आणि तो ओला असतानाच खिशातून कंगवा काढला. बायकोचा, केस विंचरायचा! हात किंचित हलवत त्याने तो वरून खाली ओढत आणला, आणि माझ्या अंगावर लाकडाच्या रेघा उमटल्या. कंगव्याचा एक दात पडलेला होता. ते मला तेव्हाच जाणवलं, पण पहिल्याच दिवशी नवख्याने काय तोंड उघडायचं?

उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी माझ्यावर टिचक्या मारल्या. "वा, काय सागवान आहे!" मागे उभा असलेला रंगारी गालातल्या गालात हसला आणि घरी गेला. ही गोष्ट त्याने घराबाहेर जाऊ दिली नाही. मी तरी कशाला सांगणार होतो?

तीस वर्षं मी त्याच रुबाबात काढली. मग नवी समिती आली. नव्या समितीला काहीतरी नवं करून दाखवायचंच असतं. "सगळे दरवाजे हिरवे," असा ठराव झाला. रंग द्यायला आला तो त्याच रंगाऱ्याचा मुलगा. बाप तोवर गेला होता. डबा खाली ठेवून तो माझ्याकडे बघतच राहिला. नाही म्हणावं, तर काम दुसऱ्याला जाणार, आणि तो दुसरा आधी मला खरवडून काढणार. शेवटी त्याने पिशवीतून चपड्याची बाटली काढली. चपडा म्हणजे लाखेचं पॉलिश, स्पिरिटने सुटणारं. बापाच्या कामावरून त्याने त्याचे दोन पातळ हात दिले, वाळू दिले, आणि मगच हिरवा फासला.

"बाबा, माफ करा," एवढंच तो पुटपुटला.

त्यानंतर कुणी मला काय काय फासलं ते विचारू नका. हिरव्यावर क्रीम, क्रीमवर निळा, मग पुन्हा हिरवा, मग चॉकलेटी. जुना रंग खरवडायचे कष्ट कोण घेणार? माशी बसली असेल तर माशीवरूनही ब्रश फिरायचा. एक चिकटून राहिली होती, तिलाही पाच हात मिळाले. त्याखेरीज खिळे, चिकटपट्ट्या, 'शांतता राखा'च्या पाट्या. माणसं दरवाजावर शांतता राखायला लिहितात आणि तोच धाडकन आपटतात.

यंदा कुणाच्या तरी लक्षात आलं की ही इमारत जपण्यासारखी आहे. कंत्राटदार आला आणि माझ्यासमोर उभं राहून म्हणाला, "जाळाचा दिवा लावतो. अर्ध्या दिवसात रंग जाळून मोकळा."

"आणि राखेला बिजागऱ्या लावणार का?" मागून आवाज आला. समितीने बोलावलेली एक ताई होती. जुन्या इमारतींवरचा रंग उतरवणं हेच तिचं काम. "दिवा नाही, तारेचा ब्रश नाही, मशीन नाही. वेळ लागेल."

असं कुणी माझ्यासाठी भांडलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. तिने बिजागरीच्या बाजूला, सहज दिसणार नाही असे आधी छोटे छोटे चौकोन उघडून पाहिले. कुठला थर कशाने सुटतो ते वहीत लिहिलं. मग पांढरा लेप लावायचा, वर कागद चिकटवायचा, थांबायचं, आणि लाकडी पट्टीने हलकेच उचलायचं. चॉकलेटी गेला. निळा गेला. माशीही गेली. प्रत्येक थराबरोबर एकेक श्वास सुटत होता.

चाकांच्या खुर्चीतून येणाऱ्या आमच्या ग्रंथपालबाई रोज विचारायच्या, "ताई, दुखत तर नसेल ना हो त्याला?" त्या अशाच आहेत, पुस्तकांशीही बोलतात.

समोरच्या बाकावर पेंटरकाका येऊन बसायचे. तोच मुलगा, आता अठ्ठ्याहत्तरीला टेकलेला. हातात वर्तमानपत्र, नजर माझ्यावर. आठवडाभर त्यांनी एकच पान वाचलं. मला कळत होतं ते का बोलत नाहीत. चपडा टिकला नसेल, तर बापाचं काम आपणच पुसलं हे त्यांना समजणार होतं. ते न समजलेलं बरं, असं त्यांना वाटत असावं.

शेवटचा हिरवा उरला. ताईने स्पिरिटचा लेप लावला आणि तो हिरवा चक्क पापुद्र्यासारखा उलगडत आला. "इतक्या शहाण्यासारखा कुठला रंग सुटतो?" ती स्वतःशीच म्हणाली. खाली तपकिरी रेघा चमकल्या.

वाचनालयाचे अध्यक्ष धावत आले. "बघा! मी म्हणत नव्हतो? अस्सल सागवान! माझे वडील सगळ्यांना दाखवायचे."

ताईनेही भिंग लावून पाहिलं आणि मान डोलावली. "लाकूड लागलं. माझं काम झालं."

"मग आता घासून पॉलिश करू," कंत्राटदार म्हणाला आणि त्याने घासायचं मशीन सुरू केलं. त्याचा आवाज ऐकून माझी बोबडीच वळली. दोन मिनिटांत माझा चेहरा पुसला जाणार होता, खाली पांढरं पाइन निघणार होतं, आणि मग मी सरळ भंगारात!

"थांबा! बंद करा ते!" पेंटरकाका बाकावरून उठले होते. वर्तमानपत्र खाली पडलं होतं. "ते लाकूड नाही. तो रंग आहे. माझ्या वडिलांनी दिलेला."

मशीन थांबलं. अध्यक्ष हसले. "काका, अहो, हा सागवान आहे."

काका माझ्याजवळ आले. एक बोट त्यांनी माझ्या छातीवर वरून खाली नेलं. "इथे बघा. दर पट्ट्यात एक जागा रुंद सुटलीय. इथेही. आणि इथेही. आईच्या कंगव्याचा एक दात पडला होता. ती सांगायची, तुझ्या बापाने माझा कंगवा नेला आणि सहा महिने माझ्या केसांना रंगाचा वास येत होता."

ताईने पुन्हा भिंग लावलं. मग ते खाली ठेवून ती हसायलाच लागली. "वीस वर्षं हेच काम करतेय काका, आणि तुमच्या वडिलांनी मला साफ फसवलं!"

अध्यक्षांनी मात्र मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "माझे वडील जन्मभर पाहुण्यांना पाइन दाखवत होते?"

"हो," काका म्हणाले.

अध्यक्षांनी माझ्यावर एक टिचकी मारली, कान देऊन ऐकलं, आणि खो खो हसत सुटले. "मग मीही दाखवणार! फक्त आता कुणी केलं तेही सांगणार. कंत्राटदार, ते मशीन बाहेर न्या."

सगळे गेल्यावर काका माझ्यापाशी थांबले. कपाळ माझ्यावर टेकून म्हणाले, "बाबा, चपडा टिकला हो." त्यांचे डोळे भरून आले होते. माझे अकरा हात उतरले, पण त्यांच्यावरचं पन्नास वर्षांचं ओझं त्या दिवशी उतरलं.

तेव्हा माझं एवढंच मागणं आहे. मला चिकटपट्टी लावू नका, खिळा ठोकू नका. आणि रंग द्यायची हुक्की आलीच, तर आधी खाली कुणाचा हात आहे ते बघा. रोज सकाळी काका येतात आणि त्या रुंद रेघेवर बोट ठेवून मला ढकलतात. मी लगेच उघडतो.