न लिहिलेला पत्ता

मोतुलाहा बेटावरच्या दवाखान्यात एकच कॉम्प्युटर, आणि बाहेरच्या जगाशी बोलायचं साधनही तेवढंच. रेडिओ कधीचा बंद पडला होता. छपरावरची नवी डिश जोडायला मला शनिवारी पाठवलं. वायर लावली, नेटवर्क कार्डाला पत्ता दिला, आणि पडद्यावर मोठ्या बेटावरचे डॉक्टर दिसले. नर्स पिसिला खूश झाली.

"लोपिनी, जेवून जा. अळूच्या पानांतलं लू शिजतंय."

"नको सिस्टर, बोट सुटेल. उद्या रविवार, इथेच अडकेन."

"अडकलास तर काय बेट बुडेल?"

मी हसत निघालो. पत्ता मी नुसता एका आज्ञेने दिला होता. लिनक्सवर असा पत्ता मशीन चालू असेपर्यंतच टिकतो; कायमचा हवा तर सेटिंगच्या फाइलीत लिहावा लागतो. दोन ओळी. मला ते ठाऊक होतं. पण बोटीचा भोंगा वाजला आणि मी उठलो.

सोमवारी सकाळी सोलरच्या बॅटऱ्या उतरल्या. मशीन बंद पडून पुन्हा चालू झालं. त्याच सकाळी बेटावरची मोहुलामू दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी ठणठणीत, पण आईचा रक्तस्राव थांबेना. पिसिला डॉक्टरांना बोलवायला धावली, तर जोडणीच नाही. तिने वायर काढून लावली, मशीन बंद-चालू केलं. शेवटी मासेमारीची होडी मोठ्या बेटाकडे पिटाळली. होडी पोचायच्या आत मोहुलामू गेली.

मंगळवारी मी पोचलो, तेव्हा कमरेला सुतकाच्या जुन्या चटया गुंडाळून माणसं अंगणात बसली होती. मी त्या ओळी लिहिल्या, मशीन बंद करून चालू केलं. डॉक्टर लगेच दिसले.

"काय बिघडलं होतं रे?" पिसिलाने विचारलं.

"काही नाही, सिस्टर. माझं लिहायचं राहिलं होतं."

ती म्हणाली, "आणि मी कालपासून माझेच हात बघतेय."

मोहुलामूच्या नवऱ्याला, तेविताला, मीच जाऊन सांगितलं. तो मारेल असं वाटलं होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"सिस्टरला सांगितलंस?"

"हो."

"मग जा आता."

ऑफिसात मी अहवालात सगळं खरं लिहिलं. साहेबांनी ते खोडून 'वीज गेल्यामुळे' असं घातलं.

"सही कर. गेलेली बाई परत येणारे का?"

मी सही केली.