घरच्या कापसाचा पासंग

वर्षालीचे दोन स्तन एकमेकांना न विचारता वाढले होते. उजवा भरला, डावा जागच्या जागी राहिला. भातकुलीहून अमरावतीच्या बाजारात भाजी विकणाऱ्या घरातली पोर ती. तराजूचं एक पारडं हलकं असलं की त्याला पासंग बांधतात, हे तिला शाळेआधीच ठाऊक. तिने स्वतःसाठीही एक शिवला. वावरातला कापूस, जुन्या परकराचं कापड. बाहेरून सगळं बरोबर. उजवा खांदा मात्र ठणकायचा, हल्ली मानही वळेना. कापूस जागा भरतो, वजन भरत नाही, हे भाजीवालीच्या पोरीला सव्विसाव्या वर्षी कळलं.

डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. विमा कंपनी म्हणाली, हा शोभेचा खर्च दिसतो, तरी फोटो पाठवा. फोटो म्हटल्यावर आईने, मनकर्णाबाईने, तिला लग्नकार्यात घालायचा ठेवणीतला ड्रेस घालायला लावला. पासंग वर्षालीने सवयीनेच घातला. फोटो इतका झकास आला की आईने एक प्रत स्थळांसाठी बाजूला काढली. कंपनीने कळवलं, दोष आढळत नाही, अर्ज नामंजूर. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. हिने ती झाकून स्वतःचंच ऑपरेशन घालवलं होतं.

मग ती कंपनीच्या अकोल्याच्या कचेरीत गेली. तिथल्या मंजुषा मॅडमनी फोटो पाहिला, डॉक्टरांचं पत्र पाहिलं आणि या दोघांतलं खरं कोण, असं विचारलं. वर्षालीला स्वतःचाच संताप आला. ती बाथरूममध्ये जाऊन आली आणि तिने तो पासंग टेबलावर ठेवला.

"हे आमच्या वावरातलं आहे, मॅडम. यानं दिसाले बरोबर दिसते. पण खांदा तं दुखूनच राहिला."

"मंग फोटोत काहून ठेवला?"

"फोटो काढाले कोणी तसंच जाते का?"

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनीही म्हणे पोट आत ओढूनच ओळखपत्राचा फोटो काढला होता. त्यांनी नवा अर्ज लिहून घेतला, नवा फोटो मागितला आणि पासंग पाकिटात घालून फायलीला जोडला.

तो परत मागायचं वर्षालीला परतीच्या एसटीत बसल्यावर सुचलं. मूर्तिजापूरपर्यंत तिने पिशवी छातीशी घट्ट धरली. शेजारची बाई झोपली होती, समोरचा माणूस शेंगा खात होता. तिच्याकडे कुणीच बघत नव्हतं. दहा वर्षं आपण हा पासंग नेमका कुणासाठी बांधत होतो, याचं तिला हसू आलं आणि रडूही. हात भरून आला, तशी तिने पिशवी खाली ठेवली.